अण्णांचे स्वतःचे दात

रविवारी संध्याकाळी सहाच्या आत सही हवी, असं वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंनी फोनवर सांगितलं होतं, म्हणून ताई दुपारी अडीचलाच येऊन बसली. वेळेआधी पोहोचायचं आणि वेळेवर येणाऱ्याला उशीर झाल्यासारखं वाटायला लावायचं, ही तिची जुनी खोड. अठ्ठावीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका म्हणून काढल्यावर ती आता सुटणार नव्हती. धाकटा भाऊ बाळ्या आणि त्याची बायको, वहिनी, बरोबर तीनला आले, तरी खोलीत पाऊल टाकता टाकता बाळ्या म्हणालाच, "उशीर झाला का गं?"

अठ्ठावन्न वर्षांचा हा गृहस्थ. शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्याच्या हाताखालची माणसं दुरुस्त करतात. पण बहिणीसमोर उभा राहिला की त्याचा बाळ्या होतो.

त्यांचे वडील, अण्णा, खिडकीकडे तोंड करून पडले होते. चौदा महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजव्या अंगाबरोबर बरंचसं बोलणंही गेलं. पाच-सहा शब्द तेवढे उरले होते, आणि गेल्या तीन आठवड्यांत तेही कुणी ऐकले नव्हते. त्या तीन आठवड्यांत अण्णांनी आधी घट्ट जेवण सोडलं, मग मऊ, मग पातळ. चमचा जवळ आला की ओठ मिटायचे आणि मान वळवायची. वजन नऊ किलोंनी उतरलं. गिळण्याची तपासणी झाली, तर गिळता चांगलं येत होतं. माणूस तोंडच उघडत नव्हता. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि पोटात नळी बसवून तिच्यातून अन्न द्यायचं सुचवलं. हॉस्पिटलमध्ये उद्या सकाळची वेळ मिळाली होती. सही त्यासाठी हवी होती.

"मी सही करणार नाही," ताई म्हणाली. "अण्णा रुसलेत. तू त्यांचा कारखाना विकलास, त्यांना इथे आणून ठेवलंस. रुसू नये तर काय करावं त्यांनी?"

"चौदा महिन्यांनी कुणी रुसतं का ताई?"

"तू सायकलीवरून दोन वर्षं बोलला नव्हतास माझ्याशी."

"ती सायकल तू मला न विचारता देऊन टाकली होतीस."

"तुझे पाय जमिनीला घासत होते बाळ्या. घोडा झाला होतास तू."

वहिनी गालातल्या गालात हसली आणि लगेच गंभीर झाली. बाळ्या खुर्ची ओढून अण्णांच्या पायाशी बसला. त्याला भांडायचं नव्हतंच. त्याला एवढंच म्हणायचं होतं, की परवा इथल्या कामाच्या मावशी अर्धा तास त्यांच्या ओठांशी चमचा धरून उभ्या होत्या, आणि अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते त्याला बघवलं नाही. तेवढं तो म्हणाला.

"नळी बसली तर निदान हे तरी थांबेल," तो म्हणाला.

"आणि मग ते कधीच तोंडानं जेवणार नाहीत. एकदा नळी लागली की कोण चमचा घेऊन बसतंय इथे?"

दोघांचंही खरं होतं. म्हणून तर आठवडाभर हा वाद मिटत नव्हता.

वहिनी एकतीस वर्षांपूर्वी या घरात आली, तेव्हा सासऱ्यांचं बोलणं ऐकून तिला मोठी गंमत वाटली होती. घराच्या तळमजल्यावर अण्णांचा कवळ्या बनवायचा कारखाना होता. शहरातले सगळे दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि अण्णा दात करून द्यायचे. एखादा म्हातारा माप द्यायला आला आणि घाबरला, की अण्णा वरचा ओठ उचलून आपली बत्तिशी दाखवायचे. "हे माझे देवानं दिलेले. तुमचे मी देणार. कुणाचे जास्त टिकतात ते पुढच्या वर्षी येऊन सांगा." माणूस हसायचा आणि निमूट माप द्यायचा. कवळीवाल्याचे स्वतःचे सगळे दात शाबूत, याचा साऱ्या घराला अभिमान होता. ताईला तर अंमळ जास्तच. चौऱ्याऐंशीव्या वर्षी अर्धं अंग लुळं पडलं, तरी अण्णांचे दात पांढरेशुभ्र होते, आणि आल्यागेल्याला ती ते आवर्जून सांगायची.

पण वहिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर बसते. तोंड आलेली, हिरड्या सुजलेली माणसं दिवसातून दहा वेळा तिच्यापुढे उभी राहतात आणि गालावर हात ठेवून बोलतात. गुरुवारी अण्णांची उशी नीट करायला ती वाकली, तेव्हा तिला वास आला. तो वास तिच्या ओळखीचा होता. घरी जाताना तिनं गाडीतच नवऱ्याला सांगितलं, "अण्णांच्या तोंडात काहीतरी बिघडलंय."

बाळ्यानं शुक्रवारचा सगळा दिवस फोनवर घालवला. पहिला दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच नाही. दुसऱ्या इमारतीला लिफ्ट होती, ती त्यानंच बसवली होती, त्यामुळे चाकाची खुर्ची तिच्यात चार बोटांनी अडकणार हे त्याला फोन ठेवायच्या आधीच कळलं. इतकी वर्षं आपण लोकांना वर न्यायचा धंदा केला आणि आपल्याच बापाला एक जिना चढवता येत नाही, या विचारानं त्याला स्वतःचाच राग आला. तिसरीकडे म्हणाले, पेशंट खुर्चीत अर्धा तास सरळ बसायला हवा आणि सांगितलं की 'आ' करायला हवा. चौथीकडची मुलगी फार गोड बोलली आणि म्हणाली, "घरी येऊन बघण्याची आमच्याकडे सोय नाही काका."

मग त्यानं मेट्रनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, इथे वर्षातून दोनदा दातांचे डॉक्टर येतात की! अण्णा आल्यापासूनही दोनदा येऊन गेले. पण ते फक्त तक्रारीच्या यादीतली माणसं बघतात. अण्णांच्या फॉर्मवर 'दात : सर्व स्वतःचे. तक्रार : नाही' असं लिहिलेलं, त्यामुळे त्यांचं नाव यादीत आलंच नाही. फॉर्म ताईनं भरला होता. तिच्या सुवाच्य अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

हे बाळ्यानं बहिणीला सांगितलं नव्हतं. वहिनीनं मात्र आता सगळंच सांगायचं ठरवलं.

"ताई, सव्वातीनला दातांच्या डॉक्टरीणबाई येतायत," ती म्हणाली. "त्या आता निवृत्त झाल्यात. आमच्या दुकानात औषधं घ्यायला येतात. मी विनंती केली. मेट्रनबाईंची आणि इथल्या डॉक्टरांची परवानगी घेतलीय."

"अण्णांच्या दातांना काय होणार आहे?"

"काही नसेल तर उत्तमच."

"आणि मला विचारायचं नव्हतं?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

ताईनं भावाकडे पाहिलं. बाळ्यानं अण्णांच्या पांघरुणाची घडी सारखी करायला घेतली, म्हणजे त्याला हे आधीपासून माहीत होतं. ताईला एकदम फार एकटं वाटलं. आई होती तेव्हा असं कधी झालं नव्हतं. आईच्या घरात ताईला न विचारता खिळासुद्धा ठोकला जात नसे.

डॉक्टरीणबाई आल्या त्या आधी खुर्चीवर बसून आपल्या गुडघ्यांना चार शिव्या देऊन मगच उठल्या. सत्तरी उलटलेली, बुटकी, मोठ्या आवाजाची बाई. त्यांनी कपाळावर दिवा बांधला, हातमोजे चढवले आणि पलंगाच्या डाव्या अंगाला आल्या.

"काय कारागीर, ओळखलंत का? चाळीस वर्षं तुम्हाला मापं पाठवली. एक काम कधी परत पाठवावं लागलं नाही."

अण्णांनी ओळखलं. तीच तर पंचाईत होती. जगातल्या कुणालाही त्यांनी तोंड दाखवलं असतं, पण या बाईला नाही. कारखान्याच्या दारात उभं राहून तिला त्यांनी किती वेळा ऐकवलं होतं, की बाई, तुमच्या धंद्याला माझा एक पैचा उपयोग नाही, माझे सगळे जागच्या जागी आहेत. आणि ती दर वेळी मोकळेपणानं हसली होती. सांगायचं होतं ते सगळं त्यांच्या आत होतं, पण दाराला बाहेरून कडी लागली होती. त्यांनी डोळे मिटले आणि डावा हात तोंडावर ठेवला.

"रोज सकाळी ब्रश करते हो मी," मावशी म्हणाल्या. अण्णांचं उठवणं-बसवणं, आंघोळ, सगळं त्याच बघायच्या. त्यांच्याकडे अशी बारा माणसं होती. "हल्ली करू देत नाहीत, पण आधी छान करू द्यायचे. आमच्या आख्ख्या मजल्यावर असे दात कुणाचे नाहीत. मी सगळ्यांना सांगते."

"हात काढा कारागीर," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दुखतंय ना? मी आधी फक्त गालाला हात लावणार. तुम्हाला नको असेल तेव्हा माझं मनगट धरा. मी थांबेन."

दहा मिनिटं त्या नुसत्या गालाला आणि जबड्याला हात लावत होत्या. दोनदा अण्णांनी मनगट धरलं आणि दोनदा त्या खरंच थांबल्या. तिसऱ्यांदा बोट आत गेलं. त्या खोलीतलं सगळं घर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतं. त्यांचं बोट वरच्या हिरडीवरून डावीकडे सरकलं, मागे गेलं, थांबलं, आणि परत पुढे आलं.

"हा दात नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" ताईनं विचारलं.

"हे काम आहे. वरचे पुढचे चार आणि डावीकडचे तीन. काढता-घालता येणारी प्लेट आहे ही. ती अडकवायचे तारेचे आकडे मागच्या बाजूनं घेतलेत, समोरून बघणाऱ्याला जन्मात दिसणार नाहीत." त्यांनी दिवा वळवून पुन्हा पाहिलं. "रंगसुद्धा सगळ्यांना सारखा दिलेला नाही. एका दाताला बारीक डाग ठेवलाय, खरा वाटावा म्हणून. बाई गं, असं काम या शहरात एकच माणूस करत होता."

"शक्यच नाही!" ताई म्हणाली. "अण्णांचे सगळे दात—"

"ताई," बाळ्या म्हणाला.

"चौदा महिने ही काढलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज काढून धुवायची असते. हिरडी प्लेटच्या कडेवर चढलीय, खाली जखमा आहेत, पू आहे. प्रत्येक घासाला सुरी फिरत असेल तोंडात."

बावीस वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात अण्णांचे दात एकामागून एक हलू लागले होते. कारखाना बंद झाल्यावर, माणसं घरी गेल्यावर, आरशासमोर बसून त्यांनी स्वतःचं माप स्वतः घेतलं होतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्यांनी कुणालाच दाखवलं नाही. बायकोला माहीत होतं. ते न्हाणीघरात असले की ती दाराबाहेर उभी राहायची, कुणी आलं की पळवून लावायची. ती गेल्यावर ते दाराला कडी लावू लागले. झटका आल्यावर कडी लावता येईना आणि सांगताही येईना, आणि दात इतके खरे झाले होते की कुणी विचारलंही नाही.

प्लेट काढायला पाऊण तास लागला. आधी वरून भुलीचं मलम, मग इंजेक्शन, मग चिमट्यानं एका कडेवरून हिरडी थोडी थोडी सोडवत. मध्ये अण्णांनी चार वेळा मनगट धरलं. बाळ्यानं डोकं धरलं होतं, वहिनी कापूस देत होती. ताई भिंतीला टेकून उभी होती आणि तिला कुणीच काही काम सांगितलं नाही. प्लेट निघाली तेव्हा मावशी तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. वासामुळे नव्हे, त्यांना रडू आलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी प्लेट पाण्यात टाकली, अण्णांचं तोंड हळूहळू धुतलं, जखमांना औषध लावलं. "दहा-बारा दिवसांत भरून येईल. प्रतिजैविकं इथले डॉक्टर देतील. दिवसातून दोनदा तोंड साफ करायचं, ते मी मावशींना दाखवते. भूल उतरली की पातळ काहीतरी देऊन बघा. एक तास थांबा."

दारात उभ्या असलेल्या मेट्रनबाई आत आल्या. आडमुठी बाई नव्हती ती, पण तिच्या हातात वेळापत्रक होतं. "उद्याची वेळ सोडली तर पुढची तीन आठवड्यांनी आहे," त्या म्हणाल्या. "वजन बघता मला तेवढं थांबता येणार नाही. सहाच्या आत एक वाटी जरी पोटात गेली, तर मी हॉस्पिटलला नको म्हणून कळवते. नाही गेली तर सही हवी."

"सही मी करते," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मीच लिहिलं होतं ना, तक्रार नाही म्हणून. त्यांना विचारलंसुद्धा नाही. नुसतं लिहून टाकलं, खाली रेघा मारून." ती भिंतीपासून पुढे आली. "चौदा महिने! आता एक घाससुद्धा त्यांना दुखायला नको. बसवा ती नळी. त्यांना आता कुणी छळू नका."

आणि आठवडाभर सहीचा आग्रह धरणारा बाळ्या म्हणाला, "नाही. थांब ताई. आता तर थांबायलाच हवं."

"तुलाच बघवत नव्हतं ना?"

"आता का रडत होते ते कळलं ना. सहाला अजून वेळ आहे."

सव्वापाचला वहिनीनं स्वयंपाकघरातून बटाट्याचं पातळ सूप आणलं. उशा लावून अण्णांना बसवलं. ताईनं चमचा भरला. अण्णांनी डावा हात तोंडावर ठेवला आणि मान वळवली.

"दुखतंय का अण्णा?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग? भूक नाही?"

हात तोंडावर तसाच. वहिनीनं चमचा घेऊन बघितला. मग डॉक्टरीणबाईंनी. हात निघेना. हातावरून दोन डोळे तेवढे दिसत होते, आणि ते एकेका माणसावरून फिरून परत ताईवर येत होते. साडेपाच झाले. मेट्रनबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन.

बाळ्या त्या डोळ्यांकडे बघत होता. असे डोळे त्यानं कामावर शेकडो वेळा पाहिले होते. लिफ्ट मध्येच अडकते, माणूस तास-दोन तास अंधारात असतो. रडलेला असतो, घाबरलेला असतो, कधी कपडे खराब झालेले असतात. बाळ्याच्या माणसांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली जाते. दार उघडायचं आणि पाठ करायची. आतला माणूस आपला आपण बाहेर येतो. हात द्यायला गेलात तर तो कोपऱ्यात सरकतो.

"वाटी त्यांच्या मांडीवर ठेव," तो बायकोला म्हणाला. "चमचा डाव्या हाताला. आणि सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा."

"काय?" ताई म्हणाली.

"पाठ करायची ताई. दात नसलेलं तोंड त्यांना आपल्याला दाखवायचं नाहीये. एवढंच आहे ते."

"अरे, सांडेल. ठसका लागला तर—"

"ठसका ऐकू येतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सगळ्यांच्या आधी वळल्या. "आणि सांडलं तर पुसू. वळा बाई."

पाच मोठी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाळ्या, वहिनी, डॉक्टरीणबाई, कागदावरचं पेन उचलून खिशाला लावलेल्या मेट्रनबाई, आणि सगळ्यात शेवटी, आयुष्यभर दुसऱ्यांना असं उभं केलेली मुख्याध्यापिका. भिंतीला फिकट पिवळा रंग होता. ताईच्या नाकासमोर रंगाचा एक पोपडा सुटला होता, त्याच्याकडे ती बघत राहिली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग पांघरूण सळसळलं. चमचा वाटीला लागला. थांबला. पुन्हा काही नाही. ताईचे खांदे हलायला लागले, तसा बाळ्यानं तिचा हात धरला, आणि तिनं तो धरू दिला.

मग गिळल्याचा आवाज आला. एवढा मोठा की मेट्रनबाईसुद्धा दचकल्या. पुन्हा चमचा वाटीला लागला, या वेळी लवकर. मग पुन्हा. एकदा चमचा घसरला, सूप सांडल्याचं कळलं, पण कुणी वळलं नाही. चमचा वाटीच्या तळाला घासायला लागला तेव्हा वहिनीनं डोळे पुसले.

"मीठ," मागून अण्णा म्हणाले.

कुणीच हललं नाही. तीन आठवड्यांनी आलेला शब्द होता तो, आणि त्यात चांगलाच राग होता.

"मीठ नाही," अण्णा म्हणाले.

"आणते अण्णा, आत्ता आणते," ताई म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती, पण तिनं मान वळवली नाही. भिंतीला हात लावत, खांदा घासत, ती तशीच आडवी आडवी दारापर्यंत सरकत गेली आणि बाहेर पडल्यावर स्वयंपाकघराकडे पळाली.